वॉरंटी संपलेली ३२० डी: डीलरकडे काय सोडायचं, घरी काय करायचं

वॉरंटी आणि सर्व्हिस पॅकेज चालू असेपर्यंत हा प्रश्न पडतच नाही. पॅकेजचे पैसे आधीच देऊन झालेले असतात, तेव्हा गाडी डीलरकडेच जावी. डोकं खाजवायची वेळ येते ती पॅकेज संपल्यावरचं पहिलं एस्टिमेट हातात पडतं तेव्हा. माझी गाडी २०१७ ची बीएमडब्ल्यू ३२० डी आहे: एफ ३० बॉडी, बी ४७ डिझेल इंजिन, झेडएफचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक. खालचे आकडे तिचे आहेत. मर्सिडीज किंवा ऑडी असेल तर पद्धत तीच राहते, आकडे आपल्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्यावेत.

‘डीलर की घर’ असा गाडीमागे एकच निर्णय करू नये. तो कामागणिक करावा. प्रत्येक कामाला मी दोन प्रश्न लावतो. काम बरोबर झालं की नाही हे मला माझ्या डोळ्यांनी, पान्याने किंवा स्क्रीनवर तपासता येईल का? आणि चुकलंच तर नुकसान किती? ऑईल बदलणं पहिल्या प्रश्नात पास होतं. गिअरबॉक्सचं ऑईल होत नाही. पैशांचा हिशेब त्यानंतर.

सुरुवात एस्टिमेट वाचण्यापासून. त्यात तीन थर असतात: पार्ट, लेबर आणि किरकोळ. पार्टवर हुज्जत घालण्यात अर्थ नाही, तो नंबरावर ठरलेला असतो. लेबर तासांच्या हिशेबाने लावलेलं असतं. ज्या कामाला अर्धा तास लागतो तिथे दीड तास लावला असेल तर शांतपणे विचारावं. खरी गंमत तिसऱ्या थरात आहे: इंजिन फ्लश, डिझेल ॲडिटिव्ह, एसी डिसइन्फेक्टंट, थ्रॉटल क्लीनिंग, नायट्रोजन, अंडरबॉडी कोटिंग. कंपनीच्या सर्व्हिस शेड्यूलमध्ये ही कामं लिहिलेली आहेत का, एवढं एकच विचारायचं. नसतील तर त्यावर काट मारून मग सही करायची. सर्व्हिस ॲडव्हायझरला त्याचं टार्गेट असतं, त्याच्यावर चिडून काही उपयोग नाही.

आता ऑईल. घरी करण्यासारख्या कामांत हे सर्वांत फायद्याचं, कारण ते वारंवार लागतं आणि बिलातला मोठा भाग याचाच असतो. गाडीचा कॉम्प्युटर स्वतः मुदत मोजतो आणि ती बरीच लांब दाखवतो. मी ती मानत नाही. वर्षाला एकदा किंवा १०,००० किलोमीटरला, जे आधी होईल तेव्हा ऑईल बदलतो. कारण पुण्याचं ड्रायव्हिंग. कोथरूडहून हिंजवडीला जाताना वाकडच्या पुलाखाली इंजिन तासभर कण्हत उभं असतं, किलोमीटर मात्र थोडेच पडतात. शिवाय डिझेलला पार्टिक्युलेट फिल्टर आहे. त्यातली काजळी जाळायला एक्झॉस्टचं तापमान ६०० अंशांच्या आसपास न्यावं लागतं, आणि त्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. हे जळणं मध्येच, म्हणजे ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडी बंद केल्याने तुटलं, तर त्यातलं थोडं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑईलमध्ये उतरतं. ऑईल पातळ होतं आणि पातळी वाढते. पातळी वाढलेली दिसली तर ‘वा, ऑईल पीत नाही गाडी’ असं समजू नये. पंधरा-वीस दिवसांतून एकदा एक्सप्रेसवेने लोणावळ्यापर्यंत एका वेगात जाऊन यावं, हा त्यावरचा साधा उपाय.

ऑईल घेताना डब्याच्या पुढच्या बाजूचं ५डब्ल्यू-३० (हा चिकटपणाचा आकडा) वाचून थांबू नये. मागच्या बाजूला ‘बीएमडब्ल्यू लाँगलाइफ-०४’ छापलेलं हवं. ही कमी राखेची ऑईलं असतात. चिकटपणा तोच पण स्पेसिफिकेशन जुन्या पेट्रोल इंजिनांचं असलेलं ऑईल घातलं तर इंजिन लगेच बिघडत नाही; राख मात्र पार्टिक्युलेट फिल्टरमध्ये साठत जाते, आणि राख काजळीसारखी जळत नाही. तो फिल्टर बदलायला लागला की आयुष्यभर ऑईलवर वाचवलेले पैसे एका दिवसात जातात. मर्सिडीजच्या डिझेलला हेच काम एमबी २२९.५१ किंवा २२९.५२ हे आकडे करतात.

साहित्य: पाच लिटरचा कॅन आणि वर एक लिटरची बाटली, फिल्टर किट (मान किंवा माहले कंपनीचं; किटमध्ये ओ रिंगा, म्हणजे रबरी कड्या, आणि ड्रेन प्लगचा वॉशर आहे ना ते दुकानातच उघडून बघावं), टॉर्क रेंच, आठ मिलिमीटरचा सॉकेट, आठ लिटर मावेल असा पसरट ट्रे, लोखंडी रॅम्प किंवा जॅक स्टँड. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणीही, कितीही घाई असली तरी, जाऊ नये. रॅम्प कमी चढाचे घ्यावेत, नाहीतर ३२० चा पुढचा बंपर चाकाआधी रॅम्पला टेकतो.

जागेचा प्रश्न पुण्यात कामापेक्षा अवघड. सोसायटीच्या बेसमेंटमध्ये ऑईलचा एक थेंब पडला तरी त्याचा विषय जनरल बॉडीपर्यंत जातो. खाली जाड प्लॅस्टिक, त्यावर पुठ्ठा, शेजारी लाकडाचा भुसा ठेवावा आणि सेक्रेटरींना आधी सांगावं. तेवढीही सोय नसेल तर ओळखीच्या स्वतंत्र गॅरेजमध्ये तासाभराची लिफ्ट मागून, आपलं ऑईल-फिल्टर घेऊन, समोर उभं राहून काम करून घेणं हाही ‘घरचा’च मार्ग धरावा.

क्रम असा. इंजिन दहा मिनिटं चालवून कोमट करायचं, कढत नाही. बंद करून आधी फिल्टरचं झाकण सैल करायचं, म्हणजे फिल्टरमधलं ऑईल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाच्या ऑईलच्या टाकीत, उतरतं. मग खालचं प्लॅस्टिकचं आवरण आठच्या सॉकेटने काढायचं. स्क्रू ओळीने ठेवावेत. एखादा हरवला की आवरण हायवेवर फडफडतं आणि शेवटी फाटतं. ड्रेन प्लग काढून निवांत पंधरा मिनिटं निथळू द्यावं. नवा वॉशर लावून प्लग २५ न्यूटन-मीटरला घट्ट करायचा. सम्पचे आटे ताकदीने सहज जातात, त्यामुळे इथे ‘हाताचा अंदाज’ नको. फिल्टरच्या झाकणावरही २५ न्यूटन-मीटर. जुन्या ओ रिंगा छोट्या चपट्या स्क्रूड्रायव्हरने उचकटायच्या, नव्यांना ताज्या ऑईलचं बोट फिरवायचं. झाकणाच्या खाली दांड्यावर छोटी ओ रिंग असेल तर ती हमखास विसरली जाते. मोठी ओ रिंग जुनीच राहिली तर आठवड्याभरात इंजिनवर ऑईलचा ओघळ दिसतो.

आधी साडेचार लिटर भरायचं. इंजिन सुरू करून ऑईलच्या दाबाचा इशारा गेला का बघायचं, खाली वाकून गळती बघायची. मग एक फेरी मारून, सपाट जागी इंजिन चालू ठेवून, आयड्राइव्हमधून, म्हणजे गाडीच्या स्क्रीनवरच्या मेन्यूतून, पातळी मोजायची. याला ऑईलची काडी नाही. मोजणी मिनिटभर चालते. किमान ते कमाल यात साधारण एक लिटरचं अंतर असतं, त्यावरून पाव-पाव लिटर घालत वरच्या खुणेच्या जरा खाली थांबायचं. शेवटी सर्व्हिसची मुदत रीसेट: इंजिन बंद, इग्निशन चालू, डायलजवळचं ट्रिपचं बटण दहा सेकंद दाबून धरायचं, ‘इंजिन ऑईल’पर्यंत जायचं, पुन्हा दाबून धरायचं. स्कॅनर लागत नाही.

एअर फिल्टर आणि केबिन फिल्टर यांवर फार लिहिण्यासारखं नाही. दोन्ही स्क्रूड्रायव्हरची कामं आणि दोन्हींवर लेबर देणं जिवावर येतं. केबिन फिल्टर बसवताना हवेच्या दिशेचा बाण बघावा. चाकण किंवा खराडीच्या बाजूला रोज जाणं असेल तर शेड्यूलच्या अर्ध्या मुदतीत फिल्टर मातीने भरलेला मिळतो.

ब्रेक पॅड घरी करता येतात, पण शिस्तीने. पॅड किती उरलेत हे गाडी सेन्सरवरून मोजते: एक सेन्सर पुढच्या डाव्या चाकाला, दुसरा मागच्या उजव्या चाकाला. म्हणजे उरलेल्या दोन चाकांची माहिती गाडीला नाही, ते पॅड डोळ्यांनीच बघायचे. सेन्सर घासून तुटला की तो पुन्हा वापरता येत नाही; नवा लावल्याशिवाय रीसेट होत नाही. कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाच्या) गाइड पिनांना सात मिलिमीटरचा ॲलन की लागतो, जो साध्या सेटमध्ये बहुधा नसतो. कॅलिपर काढला की तो तारेने स्प्रिंगला टांगायचा, होजवर लोंबकळू द्यायचा नाही. पिस्टन मागे ढकलण्याआधी ब्रेक ऑईलच्या टाकीचं झाकण उघडून पातळी बघावी, काठोकाठ असेल तर थोडं सिरिंजने काढावं. ते रंगावर सांडलं तर रंग निघतो. डिस्कच्या कडेवर किमान जाडी कोरलेली असते. व्हर्निअर लावून ती मोजावी आणि त्याच्या जवळ आली असेल तर पॅडबरोबर डिस्कही बदलावी, नाहीतर दोन महिन्यांत स्टिअरिंग थरथरायला लागतं. चाकाचे बोल्ट १४० न्यूटन-मीटर, एकाआड एक. आणि गाडी जागेवरून हलवण्याआधी ब्रेक पेडल कडक होईपर्यंत पंप करायचं. हे राहिलं तर पहिल्या ब्रेकला पेडल तळाला जातं, आणि समोर सोसायटीचं गेट असतं.

ब्रेक ऑईल मी डीलरकडेच देतो, दर दोन वर्षांनी, न चुकता. डॉट ४ दर्जाचं ब्रेक ऑईल नव्या स्थितीत किमान २३० अंशांना उकळतं. हवेतली ओल शोषल्यावर तीच किमान मर्यादा १५५ वर येते. शहरात फरक कळत नाही. ताम्हिणी घाट उतरताना, गाडीत पाच माणसं आणि डिकीत सामान असताना कळतो. काम अवघड नाही, पण चुकून सिस्टीममध्ये हवा शिरली तर एबीएसच्या युनिटमधून ती काढायला कंपनीचं सॉफ्टवेअर लागतं. वाचणारे पैसे आणि धोका यांचं गणित जमत नाही.

बॅटरीबद्दल मात्र डीलरची भीती जरा जास्तच घातली जाते. बॅटरी डिकीत उजवीकडे असते, एजीएम प्रकारची. त्याच प्रकारची, तितक्याच अँपिअर-अवरची घेतली तर खोलून लावण्याचं काम अर्ध्या तासाचं. गॅस बाहेर नेणारी बारीक नळी पुन्हा जोडायची आठवण ठेवावी. त्यानंतर नवी बॅटरी गाडीला ‘रजिस्टर’ करावी लागते. गाडी बॅटरीच्या वयाप्रमाणे चार्जिंग ठरवते. तिला कळवलं नाही तर ती नव्या बॅटरीलाही म्हातारीसारखं चार्ज करत राहते आणि नवी बॅटरी लवकर जाते. गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटला लागणारा चांगला ओबीडी अडॅप्टर आणि बिमरलिंकसारखं ॲप असेल तर रजिस्ट्रेशन मोबाइलवरून होतं. अँपिअर-अवर बदलले तर मात्र नुसतं रजिस्ट्रेशन पुरत नाही, कोडिंग लागतं. चार्जर लावायचा तर बॉनेटखालच्या टर्मिनलांना लावावा, थेट बॅटरीच्या ऋण टोकाला नाही. त्या टोकावर करंट मोजणारा सेन्सर बसवलेला असतो आणि मग त्याचा हिशेब चुकतो.

घरी अजिबात हात लावू नये अशी कामं आता. टायमिंग चेन: या इंजिनात ती गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, म्हणजे तिच्यापर्यंत पोचायचं तर आधी केवढं तरी उतरवावं लागतं. इंजेक्टर आणि हाय प्रेशर लाइन: आतला दाब हजार बारच्या कितीतरी वर जातो, तो धार होऊन कातडीतून आत घुसतो. एअरबॅग. चावी. आणि कूलंट कमी होण्याचं कोडं. बाहेर गळती नसताना कूलंट उतरत असेल तर डिझेल बीएमडब्ल्यूत ईजीआर कूलरवर (इंजिनात परत जाणारा एक्झॉस्ट थंड करणाऱ्या भागावर) संशय घ्यावा. २०१८ मध्ये दक्षिण कोरियात याच भागामुळे गाड्यांना आगी लागल्या आणि कंपनीने मोठी रिकॉल काढली: कूलरमधून झिरपलेला द्रव काजळीत मिसळून साठतो आणि गरम एक्झॉस्टने पेट घेऊ शकतो. अशा वेळी वर पाणी ओतत राहू नये. गाडी डीलरकडे न्यावी आणि चासी नंबरवरून काही रिकॉल बाकी आहे का ते तपासून घ्यावं. रिकॉलचं काम फुकट असतं, गाडी कितीही जुनी असो आणि आधी कुठेही सर्व्हिस झालेली असो.

गिअरबॉक्स ही तिसरी जात. बीएमडब्ल्यू म्हणते, ऑईल आयुष्यभराचं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ म्हणते, ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षं. मी बनवणाऱ्याचं ऐकतो. फिल्टर प्लॅस्टिकच्या सम्पमध्येच बसवलेला असतो, त्यामुळे सम्पच नवा येतो. सात लिटर लाइफगार्ड ८ (झेडएफचंच ऑईल) लागतं, जुनं थोडं गिअरबॉक्सच्या टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतंच. अडचण पातळीची आहे. गाडी लिफ्टवर पूर्ण सपाट, इंजिन चालू, गिअर एकेक फिरवून झालेले, आणि ऑईलचं तापमान ३० ते ५० अंशांच्या मध्ये असताना फिलर प्लगमधून बारीक धार आली की पातळी बरोबर. तापमान स्कॅनरवर बघावं लागतं. पुण्याच्या मे महिन्यात तिशी-पन्नाशीची खिडकी बघता बघता निघून जाते. हे काम स्वतंत्र स्पेशालिस्ट गॅरेजचं, आणि त्याला पहिला प्रश्न हाच विचारावा की पातळी कुठल्या तापमानाला बघता. ‘जितकं निघालं तितकं भरतो’ असं उत्तर आलं तर नमस्कार करून निघावं.

पार्ट कुठून घ्यायचे? डीलरचा पार्ट काउंटर बाहेरच्या माणसालाही विकतो, चासी नंबरचे शेवटचे सात आकडे दिले की नंबर निघतो. तोच नंबर घेऊन नाना पेठेत फिरलं तर त्याच कारखान्यातला, पण बीएमडब्ल्यूचा शिक्का नसलेला पार्ट बऱ्याचदा मिळतो: फिल्टर मानचा, पॅड टेक्स्टारचे, सस्पेन्शनचे आर्म लेमफोर्डरचे. पक्कं बिल मागावं. सप्टेंबर २०२५ पासून सगळ्या ऑटो पार्टवर जीएसटी सरसकट १८ टक्के झाला आहे, तेव्हा ‘बिल घेतलं तर फार महाग पडेल’ ही जुनी सबब आता तितकी चालत नाही. सेन्सर आणि इलेक्ट्रिकल वस्तू मी बाहेरून घेत नाही; नकली सेन्सर बसतो, चालतो आणि मग चुकीचे आकडे देत राहतो, आणि आपण चांगले भाग बदलत बसतो.

वॉरंटी चालू असलेल्यांसाठी एक गोष्ट. २५ ऑगस्ट २०१४ रोजी भारतीय स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटींचा दंड लावला. त्यांत बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजही होत्या. सुटे भाग आणि तपासणीची उपकरणं खुल्या बाजारात येऊ दिली नाहीत, हा ठपका. केवळ बाहेर सर्व्हिस केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नका, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. पण व्यवहारात, क्लेमच्या दिवशी काउंटरवर आदेशाची प्रत दाखवून काम होत नाही. वॉरंटीत असताना सर्व्हिस डीलरकडेच करावी.

पावसाळ्याआधीची कामं कोणत्याच एस्टिमेटमध्ये नसतात. प्रभात रोड, लॉ कॉलेज रोडसारख्या झाडांखाली गाडी उभी राहत असेल तर काचेखालच्या खोबणीत पानांचा चिखल होतो आणि पाणी जायची भोकं बुजतात. मग पाणी केबिन फिल्टरकडे आणि वायरिंगकडे वळतं. मे अखेर हातानेच ती पानं काढून, पाण्याची बाटली ओतून खाली धार येते का बघावी. सनरूफ असेल तर त्याच्या कोपऱ्यांतल्या नळ्याही तशाच तपासाव्यात, पण त्यात तार घालू नये. नळी आत सुटली तर अख्खं छताचं अस्तर उतरवावं लागतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. पाणी दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्यात इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन आहे का ते जूनच्या आत बघावं. खडकवासला धरणातून पाणी सोडल्यावर पाण्याखाली जाणारा भिडे पूल गाठायची हौस असणाऱ्यांनी तर आधीच.

डीलरकडे गाडी देताना जॉब कार्डवर तीन ओळी लिहून घेतो: किलोमीटर, तक्रार माझ्याच शब्दांत, आणि ‘बदललेले पार्ट परत द्यावेत’. तिसरी ओळ लिहिली की एस्टिमेटमधले काही पार्ट अचानक ‘अजून चालतील’ होतात. तक्रार ‘आवाज येतो’ अशी नको. ‘थंड इंजिन, डावीकडे वळताना, स्पीड ब्रेकरवर, पुढून उजवीकडून टक्-टक्’ अशी लिहावी. नाहीतर ‘टेस्ट ड्राइव्ह केली, आवाज आढळला नाही’ हे उत्तर छापून मिळतं.

घरी केलेल्या कामाची नोंद डीलरच्या संगणकात होत नाही, हा घरच्या सर्व्हिसचा खरा तोटा. विकताना तो दिसतो. म्हणून ऑईल-फिल्टरची पक्की बिलं, त्या दिवशीच्या ओडोमीटरचा फोटो आणि डब्यावरच्या बॅच नंबरचा फोटो एका फोल्डरमध्ये तारखेने ठेवतो. पुण्यात सेकंड हँड घेणारा गाडीपेक्षा कागद जास्त वेळ बघतो. शिवाय दोन वर्षांतून एकदा ब्रेक ऑईलच्या निमित्ताने गाडी डीलरकडे जातेच. तेव्हा पूर्ण डायग्नोस्टिक स्कॅनची प्रिंट मागून तीही लावतो.

काढलेलं ऑईल नव्याच्याच रिकाम्या कॅनमध्ये भरून, झाकण घट्ट लावून, जुन्या फिल्टरसकट अशा गॅरेजला द्यावं जिथून महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी असलेला रिसायकलर ड्रम उचलतो. ते विकतही घेतात. चेनला लावायला किंवा गेटच्या बिजागरीला म्हणून मागणारे भेटतील, त्यांना देऊ नये. डिझेलची काजळी मिसळलेलं ते ऑईल पहिल्याच पावसात वाहून गटारात जातं.